गाळलेला रकाना

युनिव्हर्सिटीचं पत्र काझुआ मुआला गुरुवारी दुपारी आलं. कॉलेजच्या गणित केंद्रात ती एका मुलीला कॅल्क्युलस समजावत होती, ते अर्ध्यावरच राहिलं. पत्र चार ओळींचं होतं. तुम्ही पूर्वी आणखी एका कॉलेजात शिकल्याची नोंद आम्हाला सापडली आहे, अर्जात तिचा उल्लेख नाही. तिथलं गुणपत्रक आणि लेखी खुलासा सोमवारी पाचच्या आत पाठवा, नाहीतर सिव्हिल इंजिनिअरिंगचा प्रवेश रद्द होईल.

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या कम्युनिटी कॉलेजात ती तीन वर्षं शिकत होती. सकाळी आईबरोबर भाजीचा ठेला, मग फिजिक्स, स्टॅटिक्स आणि उरलेलं सगळं. प्रत्येक विषयात ए ग्रेड. पण त्याआधी, अठराव्या वर्षी, तिने दुसऱ्या गावातल्या कॉलेजात दोन विषय घेतले होते आणि दोन्हीत नापास झाली होती. एक दिवस जरी एखाद्या कॉलेजात बसलात तरी अर्जात लिहायचं, हा नियम इथून युनिव्हर्सिटीत जाणाऱ्या प्रत्येकाला पाढ्यासारखा पाठ असतो. आणि विसरून जावंसं वाटणारं एखादं जुनं कॉलेजही त्यांच्यातल्या पुष्कळांच्या गाठीला असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून काझुआने तो रकाना गाळला. तेव्हापासून एक दिवसही तिला धड जेवण गेलं नव्हतं.

ती थेट काउन्सेलर ओसुनाबाईंकडे गेली. बाईंनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

"अगं, आठ वर्षांपूर्वीच्या दोन नापासांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं! त्यानंतर सगळे ए आहेत तुझे. नापास होणं कुणाला नडत नाही, लपवणं नडतं."

"आता काय करू, बाई?"

"खरं लिही. का नापास झालीस, का लपवलंस. आणि पुरावा जोड. आता एक शब्द जरी खोटा लिहिलास तर मीसुद्धा काही करू शकणार नाही."

"वाचेल का प्रवेश?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "गेल्या वर्षी दोघांना असंच पत्र आलं होतं. एकाचा वाचला."

पुरावा होता. पण तो आईच्या ट्रंकेत होता, आणि काझुआला खरी भीती त्या ट्रंकेचीच होती. ती नापास झाली त्या वर्षी तिचे वडील हॉस्पिटलात होते, यकृताच्या कॅन्सरने. आईला इंग्रजी येत नाही, भाऊ लहान. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डॉक्टर आणि वडील यांच्यामध्ये दुभाषी म्हणून काझुआच बसायची. लाओसमधून इथे आलेल्या आमच्या हमोंग लोकांत माणसाला त्याचं मरण तोंडावर सांगत नाहीत. अठरा वर्षांच्या पोरीला ते बापाला सांगावं लागलं, कारण डॉक्टरचं बोलणं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. कॉलेजातून नाव काढून घ्यावं लागतं, नाहीतर नापास धरतात, हे तिच्या गावीही नव्हतं. पुढे घरी तिने सांगितलं, कंटाळा आला म्हणून सोडलं. आईने ते मानलं. आता ते कागद मागायचे म्हणजे नवऱ्याच्या आजारपणापायी लेकीचं वर्ष बुडालं, हे त्या बाईला सांगायचं.

आणि घरी तर तिच्या प्रवेशाच्या आनंदात जेवणावळीची तयारी चालली होती. बाजारात तुरी अशातली गत, पण आमच्याकडे आनंद दाबून ठेवायची पद्धत नाही. शनिवारी पाहुणे येणार, तिच्या मनगटाला आशीर्वादाचे दोरे बांधले जाणार. चोंग काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तीन दिवस गाडी हाकत मिनेसोटाहून आले होते.

"या, इंजिनीअरबाई!" ते गॅरेजमधूनच ओरडले. "हे दार नीट लागत नाही, बघा जरा."

"काका, मी पूल बांधायला शिकणार आहे. दारं नाही."

"म्हणजे एवढं शिकून दारसुद्धा येणार नाही? मग आम्ही डुक्कर उगाच कापतोय की!"

सगळे हसले. काझुआही हसली. शुक्रवारी तिने गुणपत्रक मागवलं, पत्राचा मसुदा केला आणि तीनदा आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. तिन्ही वेळा आई मिरच्या निवडत गुणगुणत होती. ती तशीच परत फिरली.

शनिवारी गॅरेजमध्ये टेबल मांडलं. उकडलेली कोंबडी, अंडी, भात आणि पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा. काकांनी तिचं मनगट धरलं आणि दोरा फिरवत म्हणायला लागले, "ये, काझुआच्या जिवा, घरी ये. रानात राहू नकोस, पाण्याकाठी राहू नकोस..."

काझुआने हात ओढून घेतला. दोरा बांधताना तान्ही मुलंसुद्धा हात ओढत नाहीत.

"नका बांधू, काका. प्रवेश जाणार आहे माझा."

आणि मग उभ्या उभ्या तिने सगळं सांगून टाकलं. दोन नापास, गाळलेला रकाना, हॉस्पिटल, सोमवार. बोलताना तिने आईकडे एकदाही पाहिलं नाही.

काकांनी दोरा खाली ठेवला नाही. "आम्ही काय युनिव्हर्सिटीला दोरा बांधतोय? भ्यालेल्या माणसाचा जीव अंगातून निघून जातो, त्याला बांधतोय. इथे आत्ता तुझ्याएवढं भ्यालेलं आहे का कुणी? आण तो हात!"

पण आई उठून आत गेली होती. ती परत येईपर्यंतचा वेळ काझुआला सोमवारपेक्षा लांब वाटला. आई आली ती ट्रंकेतल्या हॉस्पिटलच्या कागदांची पिशवी घेऊन, आणि ती तिने लेकीच्या पुढ्यात टाकली.

"कंटाळा आला होता म्हणालीस मला."

"तुला वाईट वाटेल म्हणून, आई."

"आणि तुझ्या बापाला? तो खाटेवर मरत होता, तू उशाशी होतीस. तेवढी जागा तू कागदावर कोरी ठेवलीस. जसा काही तो आजारी पडलाच नाही!"

काझुआ रडली, सगळ्यांदेखत. काकांनी दोरा बांधला, मग काकूने, मग एकेकाने. तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर तिने पत्र पुन्हा लिहायला घेतलं आणि ते संपेपर्यंत काकांनी कुणाला घास घेऊ दिला नाही.

पत्र आणि कागद सोमवारी गेले, उत्तर यायला अकरा दिवस लागले. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. अकराव्या दिवशी ती आणि आई ठेल्याच्या भाजीच्या शेतात गवती चहा कापत होत्या, तेव्हा ते तिच्या फोनवर आलं. काझुआने दोनदा वाचलं.

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"ये म्हणतात."

आई हसली नाही. विळा हातात तसाच धरून तिने विचारलं, "पत्रात बापाचं नाव लिहिलं होतंस?"

"हो. नेंग वा मुआ."

"त्यांनी वाचलं?"

"वाचलं, आई."

"मग जा."