सरळ खुंटाची खोटी साक्ष

मी एक जुना लाकडी खुंट आहे, मित्रांनो. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली एक पाणथळ जागा आहे. मी तिथला. आपली जीवनकथा सांगताना छत्री, पेन, अगदी फाटकी पिशवीसुद्धा आपण किती उपयोगी पडलो तेच सांगते. मला तसं सांगता येणार नाही. मी उपयोगी पडायला हवा होतो आणि पडलो नाही, आणि त्याची लाज अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझा जन्म एका मोडक्या धक्क्यातला. धक्का पाडला तेव्हा इथल्या राखणदारबाबांनी त्यातलं एक चांगलं लाकूड निवडून आणलं. करवतीने त्याचं एक टोक निमुळतं केलं, कुजू नये म्हणून खालच्या बाजूला डांबर फासलं, वर लाल आणि पांढरे पट्टे ओढले आणि डोक्यावर मधोमध एक खिळा ठोकला. मग मला खांद्यावर टाकून ते बांधावर आले. या बांधाच्या एका बाजूला खाडीचं खारं पाणी, तर दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याचं उथळ तळं. तळ्यात बुटकी बेटं आहेत आणि त्यांवर शेकाटे घरटी करतात. लांब गुलाबी पायांचे, काळ्या पंखांचे, जरा काही झालं की आरडाओरडा करणारे हे पक्षी. त्यांची अंडी जमिनीवरच असतात. खारं पाणी आत शिरलं तर अंडीही जातात आणि तळ्यातले किडेही मरतात, म्हणजे घर आणि जेवण दोन्ही एकदमच.

बांधाच्या वळणावर, खाडीकडच्या काठापासून बरोबर वीस फुटांवर, बाबांनी मला ठोकलं. म्हणाले, "हे बघ, तू आमचा साक्षीदार. खाडी बांध किती खाते ते तू सांगायचंस."

काम सोपं होतं. वर्षातून एकदा बांधावरचं गवत कापायचे. त्या गवतात मी गळ्यापर्यंत बुडालेला असायचो, म्हणून आधी कापणी आणि मग मोजणी, असा रिवाज पडला होता. माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला टेप अडकवून काठापर्यंत मोजायचं. चौदा फुटांच्या आत आकडा आला, की वळणाच्या पायथ्याशी दगड टाकायचे, हा बाबांचा नियम. पण टेप लावण्याआधी बाबा आणखी एक गोष्ट करत. राखणदाराच्या झोपडीची पायरी उतरून ते माझ्यापर्यंत पावलं मोजत येत, तीही मोठ्याने. बेचाळीस भरली की माझ्या डोक्यावर थाप मारत आणि मगच टेप काढत. असं का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खुंटाने विचारायचं तरी कसं!

बाबांच्या काळात खाडी शांत होती. बारा वर्षांत दोन फूट, एवढाच काय तो बांध गेला. विसाचे अठरा झाले. मग बाबांचे गुडघे गेले आणि त्यांची मुलगी राखणदार झाली. सगळे तिला ताई म्हणत. ताई लहानपणापासून इथेच चिखलात खेळलेली. कुठल्या बेटावर किती घरटी आहेत ते ती लांबूनच सांगायची. पहिल्या वर्षी बाबांसारखीच पावलं मोजत आली आणि सत्तेचाळीसवर पोचली.

"बाबा, तुमची ढांग मोठी, माझी छोटी. माझी बेरीज तुमच्याशी कशी जुळणार?" ती हसून म्हणाली.

"मग राहू दे. टेप लाव म्हणजे झालं," झोपडीच्या पायरीवर बसलेले बाबा म्हणाले.

ते दोघंही हसले. त्या हसण्यात काय गेलं, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

पुढच्या वर्षी नदीने आपली वाट बदलली आणि पाण्याचा जोर नेमका आमच्या वळणावर आला. बांधाची माती खालून सुटायला लागली. वर गवत हिरवंगार, आत मात्र खेकड्यांची बिळं आणि भगदाडं. जमीन पाण्याकडे सरकत होती आणि तिच्याबरोबर मीही पाण्याकडे झुकत होतो. मित्रांनो, खुंटाला तोंड नसतं. वाकणं हेच आमचं बोलणं. मी वाकून सांगत होतो की इथे काहीतरी बिनसलंय.

तेवढ्यात कापणीवाले भाऊ आले. भाऊंसारखा कामसू माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांनी कापलेल्या बांधावर काडी इकडची तिकडे दिसत नसे. त्यांना वाकडं काही म्हणून बघवायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा जाता-येता सरळ करणारा माणूस तो.

"अरे अरे, काय ही दशा तुझी!" भाऊंनी मला हलवून पाहिलं. "इथली माती पार भुसभुशीत झालीय. थांब, जरा आत ठोकतो तुला."

त्यांनी मला उपटलं, दोन पावलं आत आणलं आणि घट्ट जमीन बघून घण घातला. मागचा खड्डा बुजवून वर गवताचा गड्डासुद्धा लावला. मग दोन पावलं मागे जाऊन माझ्याकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. यात त्यांच्या मनात पाप नव्हतं. मी कशासाठी उभा आहे ते त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, कापणीची हद्द दाखवणारा खुंट असेल.

दोन दिवसांनी ताईने टेप लावला. साडेसतरा फूट. खरं तर त्या दिवशी माझ्या जुन्या जागेपासून काठ साडेतेरा फुटांवर आला होता. त्याच वर्षी दगड यायला हवे होते.

"वर्षात फक्त अर्धा फूट!" ताई आनंदाने म्हणाली. "शहाणा माझा खुंट! कसा ताठ उभा आहे बघा."

खरं सांगतो, मला ते आवडलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला शहाणा म्हणालं होतं. मला ठाऊक होतं की मी माझ्या जागेवर नाही. तरी मी मूग गिळून गप्प बसलो.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मी वाकलो, भाऊ आले, मला दोन पावलं आत घेतलं. ताईने मोजलं तर सतरा फूट. तिसऱ्या वर्षी साडेसोळा. शाळेच्या सहली यायच्या तेव्हा ताई मुलांना माझ्यापाशी उभं करायची आणि बांध कसा टिकून आहे ते सांगायची. मुलं माझ्याबरोबर फोटो काढायची. भाऊंनी माझे पट्टे नव्याने रंगवून दिले. मी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

आता मी माझी सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. तिसऱ्या मोजणीनंतर मुख्य कार्यालयातून साहेब आले. या भागासाठी दगडांचे आठ ट्रक मंजूर झाले होते. ते आमच्या वळणावर टाकायचे की पलीकडच्या होड्यांच्या धक्क्याला द्यायचे, एवढंच ठरवायचं होतं. साहेब, ताई आणि भाऊ माझ्याभोवती उभे होते. साहेबांनी वही पाहिली आणि विचारलं, "ताई, तुम्ही सांगाल ते. तुमची खात्री आहे ना?"

त्याच क्षणी माझ्या पायाखालची माती सरकली. मला स्पष्ट जाणवलं. मी अंग सैल सोडलं असतं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बोटभर कललो असतो. पक्क्या जमिनीत ठोकलेला खुंट थोड्याच दिवसांत कसा कलला, असं कुणीतरी नक्की विचारलं असतं. पण भोवती सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. नवा रंग चमकत होता. मी जेवढा जोर होता तेवढा लावून माती धरून ठेवली आणि सरळ उभा राहिलो.

"खात्री आहे," ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. "आमचं वळण पक्कं आहे. दगड धक्क्याला द्या." आणि तिने सही केली.

त्यानंतर दीड महिन्याने उधाणाची भरती आली. भर दुपार होती, आकाश स्वच्छ, फक्त वारा समुद्राकडून होता. तळ्यातल्या बेटांवर शेकाट्यांची चौसष्ट घरटी होती. काहींत पिल्लं निघाली होती, कापसाच्या बोळ्याएवढी. माझ्यापासून दहा-बारा फुटांवर बांधाचा एक लचका सुटला. मग दुसरा. मग पाणी आत शिरलं आणि थांबलंच नाही. ताई फावडं घेऊन धावत आली, भाऊ रिकामी पोती घेऊन आले. पोत्यांत माती भरून टाकत होते आणि टाकलेलं पोतं डोळ्यांसमोर वाहून जात होतं. शेकाटे पाण्यावर घिरट्या घालत ओरडत होते. एक मादी तर बुडालेल्या बेटाच्या जागी पुन्हा पुन्हा उतरायला बघत होती. तिला पाय टेकायला काही सापडेना.

मी मात्र सरळ उभा होतो. नव्या रंगाचा, ताठ. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा तळ्यात एकही घरटं नव्हतं. ताई चिखलात बसली होती. "मी सही केली," एवढंच ती म्हणत होती. "बाबा, मी मोजलं होतं हो. नीट मोजलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत झोपडीतून उतरले. ते पावलं मोजत माझ्याकडे आले. माझ्यापाशी पोचले तेव्हा ते एकोणचाळीसवर होते. ते थबकले. परत गेले आणि पुन्हा मोजत आले. पुन्हा एकोणचाळीस.

"पोरी, माझे गुडघे गेलेत. पावलं आखूड पडतात," ते हळू आवाजात म्हणाले. "बेचाळीसची पंचेचाळीस व्हायला हवी होती. ही कमी कशी भरली? हा खुंट त्याच्या जागेवर नाही."

मग भाऊंच्या हातातलं फावडं खाली पडलं.

"काका, मीच," भाऊ म्हणाले. "वाकडा व्हायचा तो. दर वर्षी. मी आपला जरा आत घेऊन सरळ करायचो. मला काय ठाऊक हो..."

मला वाटलं, आता ताई त्यांच्यावर ओरडेल. ती ओरडली नाही. "तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही भाऊ, हा कशाला आहे ते," ती म्हणाली. "आणि पावलं मोजायचं मीच सोडलं."

"तू सोडलंस, कारण का मोजायची ते मी सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "साक्षीदारावरही कुणाचं तरी लक्ष हवं, म्हणून मी मोजायचो. हे एक वाक्य बोलायला मला काय झालं होतं?"

तिघंही खाली मान घालून उभे होते. प्रत्येक जण दोष आपल्याकडे ओढून घेत होता. ज्याला सगळं ठाऊक होतं तो मी, मी तेवढा त्यांच्यामध्ये ताठ उभा होतो आणि मला कुणी एक शब्द बोललं नाही. मित्रांनो, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग दगड आले. बैल गेला आणि झोपा केला, असं भाऊच म्हणाले. नवा बांध मागे सरकवून घातला. त्यावर लोखंडी खुंट आला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्यावर नजर ठेवणारे दोन दगड पुरले. ताई आता पावलंही मोजते, स्वतःच्या पावलांची नवी बेरीज मांडून. त्या वर्षी शेकाटे परतले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा जोड्या आल्या. चौसष्टांतल्या अकरा.

"याचं काय करायचं? जळणात टाकू?" भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं होतं.

"नको," ताई म्हणाली. "हा जिथे असायला हवा होता तिथे ठोकू या."

माझी ती मूळ जागा आता बांधावर नाही, पाण्यात आहे. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी मला तिथे ठोकलं. रोज दोनदा भरती माझ्या डोक्यावरून जाते. रंग गेला, खिळा गंजला, अंगाला शिंपले चिकटले. सहलीची मुलं येतात तेव्हा ताई नव्या बांधावरून मला दाखवते आणि घडलेलं सगळं सांगते, स्वतःच्या सहीसकट. काही लपवत नाही. मी ऐकतो आणि दर वेळी मला लाज वाटते. ती वाटायलाच हवी.

आता मी पुन्हा कललो आहे, पाण्याकडे, चांगला हातभर. कापणीच्या दिवसांत भाऊ बांधावर येऊन माझ्याकडे बघत उभे राहतात. "हात शिवशिवतोय ना भाऊ?" ताई त्यांना चिडवते. "पाहवत नाही हो ताई," ते म्हणतात आणि तोंड फिरवून गवत कापायला लागतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. एखादी गोष्ट वाकडी दिसली तर ती सरळ करण्याआधी ती का वाकली ते विचारा. आणि तुमचं कौतुक होत असताना तुमच्या पायाखालची माती सरकत असेल तर ते तेव्हाच सांगून टाका. मला ते जमलं नाही. कधी इकडे आलात, तर चिखलात एक वाकडा, विद्रूप खुंट दिसेल. कधीतरी त्यावर एखादा शेकाट्या एका पायावर उभा असेल. कृपा करून मला सरळ करू नका.