खाटेवरचा तांडेल

गंगाराम तांडेल आचऱ्याच्या वृद्धाश्रमात आला तो आपल्या पायांनी, पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन. बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. शिडाची गलबतं बंदरात यायची थांबली, तेव्हा आयुष्यभर तांडेल म्हणून गलबत हाकत कौलं नि मीठ वाहून नेलेल्या या माणसाला घर असं उरलंच नव्हतं. आश्रमाच्या व्यवस्थापक सरलाताईंनी त्याला पडवीतली खाट दिली. त्या खाटेवर तो फक्त झोपण्यापुरता असे. उजाडलं की किनाऱ्यावर जाई, रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढणाऱ्यांच्या दोराला हात लावी आणि वाट्याला आलेले बांगडे, तारल्या पिशवीतून घेऊन येई. आश्रमाच्या दुपारच्या जेवणात मासळी दिसे ती त्याच्यामुळे. मग अंथरुणाला खिळलेल्या यशोदाबाईच्या उशाशी बसून तो तिला दर्याची बातमी सांगे. वारा कुठला, पाणी कसं, कुणाच्या जाळ्यात काय आलं.

सत्त्याऐंशी साली सरकारने अनुदानाची पद्धत बदलली. तोवर आश्रमाला वर्षाकाठी ठोक रक्कम मिळे. आत चालती माणसं किती आणि पडलेली किती, हे कुणी विचारत नसे. आता पैसे माणसागणिक येणार होते आणि तेही ज्याच्या-त्याच्या अवस्थेप्रमाणे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पूर्ण, आधाराने चालणाऱ्यांसाठी निम्मे, स्वतःच्या पायांवर हिंडणाऱ्यांसाठी जवळजवळ नाहीच. ज्याला जास्त सेवा लागते त्याच्यासाठी जास्त पैसा. सरलाताईंनाही ते पहिल्यांदा वाचताना योग्यच वाटलं. मग त्यांनी मान वर करून अंगणाकडे पाहिलं. आश्रमातली बहुतेक माणसं चालती होती. त्यांनी आणि स्वयंपाकीण जानकीने त्यांना चालतं ठेवलं होतं, कुणाला झाडांना पाणी घालायला लावून, कुणाला नारळ सोलायला बसवून. त्या कष्टांना नव्या पद्धतीत जागा नव्हती, आणि यशोदाबाईसारख्या एकदोघींच्या पैशांवर सगळा आश्रम चालणार नव्हता.

सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी सरलाताई गंगारामपाशी आल्या. तो उंबऱ्यात बसून कुणाचंतरी फाटकं जाळं विणत होता.

"आबानू, उद्या साहेब येतत. ते जायसर तुमी खाटेर पडान रवात?"

"माका काय झाला?"

"कायच नाय. पण तुमी हिंडता-फिरतास म्हटल्यार तुमच्या नावाचा काय येवचा नाय. मगे यशोदाबायचा औषधपाणी मी खंयसून करू?"

विणायची सुई त्याच्या हातात थांबली. "एका दिसाचाच काम मा?"

"एकाच दिसाचा."

"वादळ इला काय शीड उतरवन गप पडान रवाचा, ह्या माका ठावक आसा," तो म्हणाला आणि पुन्हा विणायला लागला.

साहेब जीपमधून आले. तरुण होते, सौम्य बोलणारे. प्रत्येक खाटेपाशी थांबून त्यांनी चौकशी केली. "आजोबा, उठता येतं का?" गंगारामने कौलांकडे नजर लावली. "नाय," तो म्हणाला. साहेबांनी त्याच्या पायावरची सरकलेली चादर स्वतः नीट केली. निघताना ते सरलाताईंना म्हणाले, "यापुढे आम्ही न कळवता येऊ. चुकीची माहिती आढळली तर संस्थेचं अनुदान कायमचं थांबतं. तुमच्यावर संशय नाही, सगळीकडे हेच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाराम पिशवी घेऊन निघाला, तर सरलाताई फाटकात उभ्या.

"आज नको, आबानू."

"एकाच दिसाचा म्हणालंस."

"माजा चुकला. साहेबांची जीप त्याच वाटेन येता. खंयच्या दिसाक येतली, सांगाक येना नाय."

त्याने पिशवी परत खुंटीला लावली.

सुरुवातीला तो पडवीतल्या पडवीत येरझाऱ्या घाली. मग गावातल्या कुणीतरी फाटकातून हाक मारून विचारलं, तांडेल बरा झाला काय, आणि सरलाताईंनी तेही बंद करायला सांगितलं. पावसाळा सरता सरता त्याचे गुडघे धरले. पोटऱ्या सैल पडल्या. यशोदाबाई पलीकडच्या खोलीतून सवयीने विचारी, "आज वारो खंयचो रे, तांडेला?"

"माका खंयसून ठावक?" तो तिकडून म्हणे. हळूहळू तिने विचारायचं सोडलं.

पाऊस उघडला, रापण पुन्हा सुरू झाली. दोर ओढणाऱ्यांच्या तालातल्या आरोळ्या ऐकू आल्या की गंगाराम भिंतीकडे तोंड फिरवी. एक दिवस सरलाताईंना ते पाहवेना. त्यांनी स्वतः पिशवी आणून त्याच्या हातात दिली.

"जावा, आबानू. येतली ती जीप येवंदे."

तो उठून बसला. पाय खाली सोडले, खांब धरून उभा राहिला, पायरीपर्यंत गेला आणि तिथेच बसला. बराच वेळ धापा टाकत होता. सरलाताई जवळ टेकल्या.

"किनारो लांब झालो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यामुळे सरलाताईंना तिथे बसवेना.

साहेब पुन्हा आले तेव्हा गंगाराम खरोखरच अंथरुणाला खिळला होता, पाठीला जखमा झाल्या होत्या. सरलाताईंनी साहेबांना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. गेल्या खेपेला हा माणूस धडधाकट होता, मीच त्याला झोपवलं, आता तो उठत नाही.

"बाई, हे मला सांगू नका," साहेब म्हणाले. "आज ते खिळलेले आहेत, हे मी डोळ्यांनी पाहतोय. मला तेवढंच वर कळवायचं आहे."

"पण पुढे? बाकीची माणसं चालती आहेत अजून."

"पद्धत मी ठरवलेली नाही हो."

शिमग्याच्या आधी गंगाराम गेला. रापणवाल्यांनी खांदा दिला.

तेरावं झाल्यावर हौसाबाई सरलाताईंच्या खोलीत आली. अंगण झाडणारी, आश्रमात सगळ्यात ताठ चालणारी ती बाई. गंगारामच्या रिकाम्या खाटेवर ती आपलं अंथरूण टाकूनच आली होती.

"आता मी पडतंय गो बाय," ती म्हणाली. "नायतर भागात कसा? माजे पाय ते किती दिसाचे?"

तिने हे आपलं आपणच ठरवलं होतं, कुणी न सांगता. सरलाताई उठल्या, पडवीत गेल्या, अंथरूण गुंडाळून परत तिच्या हाती दिलं.

"तुमी झाडू घेवा, हौसाबाय."

"मगे यशोदेचा काय?"

"बघूया," सरलाताई म्हणाल्या.

गंगारामच्या नावाचे पैसे थांबल्यावर आधी जानकीला कामावरून कमी करावं लागलं. स्वयंपाक सरलाताई स्वतः करू लागल्या, पण यशोदाबाईला उचलायला, कूस बदलायला एकटीचे हात पुरेनात. सरलाताईंनी निरोप पाठवल्यावर गणपतीआधी यशोदाबाईचा कुणकेश्वरचा पुतण्या रिक्षा घेऊन आला. त्यालाही ती नको होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने आणि सरलाताईंनी यशोदाबाईला चादरीत घालून रिक्षात ठेवलं.

हौसाबाई रिक्षामागोमाग पाणंदीच्या वळणापर्यंत चालत गेली. परतली ती बऱ्याच वेळाने. सरलाताईंनी तिला वाढलेलं ताट झाकून ठेवलं होतं. "माज्या पायांपायी गेली ती," म्हणत तिने ते तसंच बाजूला सारलं.