अडतिसावं पान

“खोटं आहे हे! धादांत खोटं!”

झेरॉक्सवाल्या काकू एवढ्या जोरात ओरडल्या, की हॉल तिकिटाच्या प्रती काढायला आलेली पोरं दचकून काउंटरपासून मागे सरकली. एकाला तर वाटलं, आपल्याच कागदांत काहीतरी घोटाळा निघाला.

“तुम्हाला नाही रे बाबांनो,” काकू म्हणाल्या. “नोट्समध्ये या बाईचं लग्न लावून दिलंय. आणि पुस्तकात लग्नच नाही!”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं, आपापले कागद उचलले आणि काढता पाय घेतला.

कॉलेजसमोरच्या त्या टीचभर दुकानात काकूंनी बावीस वर्षं दुसऱ्यांचा अभ्यास छापून दिला. स्वतःचा मात्र राहूनच गेला. नवरा होता तोवर दरवर्षी म्हणायचा, “पुढच्या वर्षी दे ना परीक्षा, पळून चाललीय का ती?” आणि काकू दरवर्षी म्हणायच्या, “बरं, जाऊ दे.” तो गेल्यावर त्यांनी बाहेरून फॉर्म भरला आणि एकेक पेपर काढत पदवीच्या दारापर्यंत आल्या. घोडं अडलं ते या इंग्रजी साहित्याच्या पेपरात. दीडशे वर्षांपूर्वीची एक लघुकादंबरी, आणि तिच्यापायी काकू दोनदा आपटल्या. आता तर बाहेरून परीक्षा द्यायची सोयच बंद होणार होती. ही शेवटची संधी. गेली, तर पास झालेल्या सगळ्या पेपरांवर पाणी.

नोट्स पाठ करकरून दोनदा आपटल्यावर त्यांनी या खेपेला लायब्ररीतून मूळ पुस्तकच आणलं होतं. एका गावात टपाल कचेरी सांभाळणारी बाई. तिला शब्द देऊन गेलेला माणूस अकरा वर्षांनी परत येतो. नोट्सच्या अडतिसाव्या पानावर ती त्याला माफ करते आणि लग्न होतं. पुस्तकात ती त्याचं सगळं ऐकून घेते, त्याचा भिजलेला कोट शेकोटीपाशी वाळवते, त्याच्या हातात देते आणि दार उघडते. माफ केलं असं चुकूनही म्हणत नाही. ते वाचताना काकूंना त्या बाईचा असा काही अभिमान वाटला, की विचारू नका.

मग नोट्समध्ये लग्न घुसवलं कुणी? काकू तावातावाने पानं उलटत होत्या, आणि अचानक त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवलं. दुकान नवं होतं. एका हुशार पोराच्या हस्तलिखित नोट्सचं शेवटचं पान मशीनच्या रोलरमध्ये अडकलं आणि चिंध्या होऊन बाहेर आलं. पोरगा मुळातच घाईत. “शेवटी काय होतं रे?” काकूंनी विचारलं. “होणार काय? माफ करते, लग्न. लिहा तुम्हीच,” म्हणून तो पळाला. काकूंनी गोलगरगरीत अक्षरात चार ओळी लिहून टाकल्या. पुढे कुणीतरी ते सगळं टाइप करून घेतलं, आणि बावीस वर्षं काकूंच्याच दुकानातून ते लग्न गावभर वाटलं गेलं.

“हात्तिच्या मारी!” काकूंनी कपाळावर हात मारला. नोट्स आणि पुस्तक उचलून, शटर अर्धं ओढून त्या तडक कॉलेजात इंग्रजीच्या सरांकडे गेल्या.

सर याच कॉलेजात शिकलेले, याच दुकानाचं गिऱ्हाईक. त्यांनी पुस्तकाची शेवटची चार पानं उभ्याउभ्या वाचली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“हा शेवट मी... म्हणजे, पुस्तक मी चाळलं होतं, काकू.”

“अडतिसावं पान मी लिहिलंय, सर. तुम्ही नका लाजू.”

“तुम्ही?” सर मटकन खुर्चीत बसले. “अहो, त्या चार ओळींवर मी दोन तास लेक्चर देतो!”

“मग आता मी पेपरात काय लिहू?”

सरांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. “पेपर काढणारे काय, तपासणारे काय, सगळे आमच्यासारखेच. नोट्समधलं लिहा आणि मोकळ्या व्हा. शेवटचा चान्स आहे तुमचा.”

“आणि वर्गातल्या पोरांना काय सांगाल?”

“यंदाचा पोर्शन झालाय, काकू.”

काकूंचा संताप संताप झाला. सरांवर नाही, स्वतःवर. आपणच घातलेला घोळ, आणि आपल्याच पायात आला.

परीक्षेच्या दिवशी पेपरात दुसऱ्या क्रमांकालाच प्रश्न होता : नायिकेने शेवटी दाखवलेल्या क्षमाशीलतेची चर्चा करा. पंधरा गुण. काकू दहा मिनिटं नुसत्या प्रश्नाकडे बघत बसल्या. चार ओळी त्यांना तोंडपाठ होत्या, असायलाच हव्यात. हात लिहायलाही लागला, दोन शब्द उमटलेही. पण त्या बाईच्या तोंडी पुन्हा ते घालवेना. त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं, की नायिका क्षमा करत नाही. मग का करत नाही, ते तीन पानं लिहिलं.

निकाल लेकीने फोनवर पाहिला. “चार मार्कांनी गेलं, आई.” आणि मग ती भडकलीच. “लिहायचं होतंस ना गं लग्न! मी तेच लिहून पास झाले ना? तुझं काय जात होतं?”

“माझं काय जात होतं तेच सांगता येत नाहीये,” काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

लेकीनेच मग उत्तरपत्रिकेची प्रत मागवायला लावली. ती दुकानाच्याच पत्त्यावर आली. काकूंनी पाकीट फोडलं आणि आधी नाक मुरडलं. काच न पुसता काढलेली कॉपी, डाव्या कडेला काळा पट्टा. मग त्यांनी दुसरा प्रश्न काढला. त्यांच्या तीन पानांखाली गोलात शून्य होतं. शेजारी परीक्षकांनी घाईघाईत शेरा मारला होता : मूळ पुस्तक वाचावे.

काकूंनी तो दोनदा वाचला. हसू की रडू तेच त्यांना कळेना. शेवटी पदराने डोळे पुसून त्यांनी ते कागद पाकिटात घातले.

“काकू, त्या लघुकादंबरीच्या नोट्स आहेत?” काउंटरशी एक मुलगी उभी होती. “परवा टेस्ट आहे.”

“आहेत. पण शेवटचं पान चुकलंय त्यातलं.”

“चालेल हो. सर तेच विचारतात.”

“माहितीये मला,” काकू म्हणाल्या. फडक्याने मशीनची काच लख्ख पुसली, लायब्ररीचं पुस्तक काचेवर पालथं घातलं आणि शेवटची चार पानं एकेक करून छापायला घेतली. “पाच मिनिटं थांब.”