मजकुराशेजारचा आकडा

मी वायवायलेंग बोलतोय. नाव विचित्र आहे खरं, पण ते काही मी ठेवलेलं नाही. मजकुरातून एकेक शब्द वेचणारा प्रोग्राम असतो ना, त्यात मी राहतो. शब्द सापडला की त्याची अक्षरं वायवायटेक्स्टकडे जातात आणि ती किती, तो आकडा माझ्याकडे येतो.

आम्ही दोघं एकाच क्षणी जन्मतो, पण बोलावणं येतं ते त्यालाच. छापायचं तर तो, दाखवायचं तर तो. प्रोग्रामातलं एखादं फंक्शन पुढचा तुकडा त्याला जोडून देतं, तो ऐटीत फुगतो आणि मी निमूट वाढतो. मनातल्या मनात मी त्याला मजकूरराव म्हणतो. जळतो मी त्याच्यावर, लपवू कशाला?

आमची मालकीण इनोंगे, झांबियातल्या मोंगूची. पूर्वी पुरात तिथं एक होडी उलटली होती. बुडालेल्यांची यादी एका जुन्या, बिघडलेल्या फाईलीत होती. तिच्यातून इनोंगे नावं काढत होती, घाटावरच्या दगडात कोरण्यासाठी. पाथरवट छिन्नी घेऊन दारातच बसला होता.

म्हातारे सिताली यादी बघायला आले. त्यांना वाचता येत नव्हतं. इनोंगेनं त्यांच्या बायकोच्या नावावर त्यांचं बोट ठेवलं. ते रोमन अक्षरं एकेक करून मोजू लागले.

"चारच? पोरी, आठ पाहिजेत. तिनंच मला तिच्या नावाची अक्षरं मोजायला शिकवलं होतं."

"बाबा, फाईलीत 'नामा' एवढंच आहे."

"नामा कोण? माझी नामासिकु! नदीनं तिला अर्धी नाही नेली. तू अर्धी कशी काय आणतेस?"

पाथरवट म्हणाला, "लवकर ठरवा बुवा. दगडावर खोडता येत नाही."

मला कारण ठाऊक होतं. नावाच्या मध्ये एक न दिसणारं शून्य शिरलं होतं. छापणारं फंक्शन शून्य आलं की थांबतं. मजकूररावाच्या पोटात पूर्ण नाव होतं, पण बाहेर अर्धंच पडत होतं. त्याची फजिती बघून मला गुदगुल्या झाल्या. मग चौथ्या अक्षरावर अडलेलं सितालींचं बोट दिसलं आणि लाज वाटली. पण मला तोंड कुठं आहे? कुणी विचारल्याशिवाय मी बोलू कसा?

इनोंगेनं डोकं खाजवलं आणि वैतागून नावाशेजारी मलाही छापलं.

"अगं बाई! अक्षरं चार आणि लांबी नऊ?"

ती झपाट्यानं कामाला लागली. मी सांगेन तितकी अक्षरं घ्यायची, त्यातलं शून्य तेवढं गाळायचं, की उरली आठ. पडद्यावर नामासिकु उमटली. तशीच अर्धवट राहिलेली आणखी अकरा माणसं पूर्ण झाली.

सितालींनी पडद्यावर तळहात टेकला. नावावर. मी शेजारीच होतो, चार बोटांवर. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मग पाथरवटाला द्यायच्या कागदावरून इनोंगेनं आकडे काढून टाकले. बरोबरच केलं तिनं. तरी झोंबलं.

आता पलीकडच्या काठावरच्या गावानंही आपली यादी आणली आहे. आत्ता माझ्यात सहा आहे, म्हणजे नाव सहा अक्षरांचं. कोण बुडालं, बाई की बुवा, म्हातारं की तान्हं, मला कळत नाही. मजकूररावाला कळतं. तुम्हाला वाचता येत असेल, तर जरा सांगाल का मला?