भरवण्याची रीत

माझे नाव चांगदेव. मी इयत्ता आठवीपर्यंत शिकलेला मनुष्य असून माझे वय बेचाळीस वर्षे आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रंगाच्या एका कारखान्यात मी सोळा वर्षे पिंपे भरण्याचे व धुण्याचे काम केले. पुढे तो कारखाना गुजरातेत हलवण्यात आला, तेव्हा माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "तू शेवंतीचं सगळं केलंस ना, तसं आता लोकांचं कर. तुझ्या हाताला ते येतं." त्यांच्या या एका वाक्यावर मी ठाण्यात बाळकुम येथील एका संस्थेत नर्सिंग असिस्टंटच्या, म्हणजे रुग्णाची अंथरुणावरील सर्व सेवा करणाऱ्या साहाय्यकाच्या, सहा महिन्यांच्या शिक्षणास प्रवेश घेतला.

शेवंती ही माझी पत्नी. ती माझ्या सख्ख्या मामाची कन्या, म्हणून सासूबाईंना मी लहानपणापासून मामीच म्हणत आलो आहे. त्यांचे नाव मीराबाई. मामांच्या निधनानंतर त्या आमच्याकडे राहावयास आल्या. आम्हास मूलबाळ झाले नाही. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढून शेवंतीच्या उजव्या अंगावरून वारे गेले. नऊ दिवस ती कल्याणच्या एका रुग्णालयात होती. मग तिला घरी आणले, आणि घरी आणल्यापासून अकराव्या दिवशी ती आम्हास सोडून गेली. तेव्हापासून त्या दोन खोल्यांत मी आणि मामी एवढेच उरलो, आणि एकमेकांना सोडून जाण्याचा विचार दोघांच्याही मनास कधी शिवला नाही.

वर्गातील मुले-मुली विशीच्या आतबाहेरची होती. ती मला काका म्हणत. दिवसभर जे शिकवले जाई त्याचा सराव मी सायंकाळी घरी करीत असे, आणि माझा रुग्ण होण्याचे काम मामींनी आपणहून पत्करले होते. मी पायऱ्या चढून येतो न येतो तोच त्या विचारीत, "आज काय शिकवलं?"

"कूस बदलणे."

"मग बदल." असे म्हणून त्या पलंगावर आडव्या होत. "अरे हळू! मी काय पिंप आहे का गडगडवायला?"

नाडी मोजताना मी घड्याळाकडे एकटक पाहत राहिलो, की त्या म्हणत, "चालू आहे ना? मग चहा ठेव." शेवंती गेल्यानंतर त्या घरात हसण्याचा आवाज जो काही झाला तो या सरावाच्या वेळीच झाला, हे मला येथे नमूद केले पाहिजे.

चौथ्या महिन्यात एके दिवशी अमृता मॅडमनी रुग्णास भरवण्याचा पाठ घेतला. मॅडमनी वीस वर्षे रुग्णालयात नोकरी केलेली असून त्या पुस्तक न उघडता शिकवतात.

"सगळ्यांनी मान मागे टाका," त्या म्हणाल्या. "वर पंख्याकडे बघा. हां. आता थुंकी गिळा."

वर्गात खसखस पिकली. सिद्धेश नावाच्या मुलास जोराचा ठसका लागला. "मॅडम, मारता काय!"

"तुला दोन सेकंद त्रास झाला, लगेच बोंबललास. पॅरालिसिसच्या पेशंटचा अर्धा घसा झोपलेला असतो. त्याला आडवा ठेवून चमचा घातलात, तर पेज पोटात नाही जात, छातीत जाते. कधी कधी तो ठसकत पण नाही. तुम्हाला वाटतं, वा, छान जेवला. आणि आठ दिवसांनी न्यूमोनिया. मग काय करायचं?"

"बसवायचं!" सर्वजण ओरडले.

"हनुवटी?"

"खाली!"

"भरवून झाल्यावर?"

"अर्धा तास बसवूनच ठेवायचं!"

माझ्या शेजारी बसणारी करिश्मा मला कोपराने ढोसून म्हणाली, "काका, मान खाली घ्या. अजून पंख्याकडेच बघताय."

त्या वेळी माझ्या अंतःकरणाची जी अवस्था झाली ती सांगण्यासाठी मला आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल. मला वाचनाचा छंद आहे. वाचनालयातून दर आठवड्यास दोन पुस्तके आणणारा मनुष्य म्हणून आमच्या चाळीत माझी ओळख आहे, व मामींना त्याचा मोठा अभिमान. परंतु ती सर्व पुस्तके मराठी. इंग्रजीची मला अक्षरे तेवढी येत. कारखान्यातील पिंपावरचा 'डेंजर' हा शब्द मी त्याच्या आकारावरून ओळखीत असे. शेवंतीला घरी सोडते वेळी रुग्णालयातील सिस्टरने एक कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "भरवायचं कसं, औषधं, सगळं लिहिलंय यात. इंग्लिश वाचता येतं ना?"

मी उत्तर देण्यापूर्वीच मामी म्हणाल्या, "हा? हा तर पुस्तकांचा किडा आहे बाई!"

मागे दहा माणसे उभी होती. मी म्हणालो, "येते."

घरी आल्यावर मामींनी विचारले, "काय लिहिलंय रे?" मी कागद डोळ्यांसमोर धरला. वाचण्यास लागेल तेवढा वेळ धरला. आणि कोणताही डॉक्टर जे सांगेल असे मला वाटले ते सांगितले. "पूर्ण विश्रांती. पातळ आहार. रुग्णास हलवू नये."

त्या सायंकाळी मामी पेजेची वाटी घेऊन शेवंतीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "जरा उठवून भरवू का? तान्ह्या लेकराला पण आपण डोकं वर धरून पाजतो."

मी म्हणालो, "मामी, कागदात स्पष्ट लिहिले आहे."

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. अकरा दिवस त्या आपल्या मुलीला आडवीच भरवीत होत्या आणि वाटी रिकामी झाली की मला दाखवीत होत्या.

पाठ झाला त्या सायंकाळी मामींनी नेहमीप्रमाणे विचारले, "आज काय?" मी म्हणालो, "आज नुसतेच लिखाण." दुसऱ्या दिवशी म्हणालो, डोके दुखते. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा घरी गेलो. तो कागद कपाटात मामींच्या साड्यांखाली होता, परंतु तो काढून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मी गप्प राहिलो तर हे दुःख माझ्यापाशीच विझून जाईल, आणि निदान एक आई तरी शांत झोपेल, असा मी विचार केला होता.

रविवारी सकाळी करिश्माचा फोन आला. माझ्या फोनचे कानाशी ऐकू येत नाही, म्हणून तो मोठ्या आवाजावर ठेवावा लागतो. "काका, उद्या प्रॅक्टिकलला फीडिंग येणार, पक्की खबर आहे! तुमच्या मामींना पकडा आणि भरवून बघा!"

"बघ, पोरीला काळजी आहे आणि तू लपवतोस," मामी म्हणाल्या. पेज चुलीवर होतीच. ती त्यांनी वाटीत काढली, चमचा माझ्या हाती दिला आणि स्वतः पलंगावर जाऊन निजल्या. "घे. भरव मला."

दुसरा काही उपाय नव्हता. मी त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना बसवले, मागे दोन उशा लावल्या, आणि हनुवटी किंचित खाली घेण्यास सांगितले.

"हे काय? उठवतोस कशाला? हलवायचं नाही ना पेशंटला?"

"बसवूनच भरवायचे असते, मामी."

"कोण म्हणतं?"

"मॅडमनी शिकवले."

"मग तुझ्या मॅडमला धड माहीत नाही. शेवंतीच्या कागदात काय होतं? एवढ्या मोठ्या डॉक्टरचा कागद! उद्या घेऊन जा आणि दाखव तिला. पोरांना चुकीचं शिकवते, कुणाचा तरी जीव जायचा." त्या उठल्या, कपाट उघडले आणि साड्यांखालून रुग्णालयाच्या कागदांची पिशवी काढली.

दोन्ही रीती चालतात, मॅडमना विचारून सांगतो, असे उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. ते मी बोललोही असतो. पण कागद शोधता शोधता मामी म्हणाल्या, "खालच्या सखुबाईच्या मालकाला परवा घरी आणलाय, त्याचंही एक अंग गेलंय. मी सांगून आले तिला, अजिबात उठवू नको, आडवंच भरव. आमच्या कागदात लिहिलेलं."

वाटी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली.

"मामी, तो कागद मी वाचला नव्हता."

"म्हणजे?"

"मला इंग्रजी येत नव्हते. मी मनाने सांगितले. हलवू नये असे त्यात असेल, असे मला वाटले."

मी पुढे सांगू लागलो. छातीत पेज कशी जाते, न्यूमोनिया कसा होतो, ते जसे शिकवले होते तसे सर्व सांगितले. एखादा विद्यार्थी तोंडी परीक्षा देतो तसा मी बोलत होतो, कारण थांबलो असतो तर मला पुढे बोलता आले नसते. त्यांनी मला मध्येच थांबवले. पायांत चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.

खालून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "सखुबाई, अगं उठव त्यांना! टेकवून बसव आधी. मी चुकीचं सांगितलं. माझंच चुकलं गं."

पाऊण तासाने त्या परत आल्या. पदराने तोंड पुसले. पिशवीतील कागद काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "आता येतं ना वाचता? वाच."

चार महिन्यांत मी पुष्कळ शब्द शिकलो होतो. एकेका शब्दावर बोट ठेवून मी वाचू लागलो. पहिल्या ओळीत गोळ्या होत्या. दुसऱ्या ओळीत रोज रक्तदाब तपासणे. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, रुग्णास केवळ बसवून भरवावे, नंतर अर्धा तास बसवून ठेवावे. मामी डोळे मिटून ऐकत होत्या. प्रत्येक ओळीनंतर त्या एवढेच म्हणत, "पुढं." चौथ्या ओळीत दर दोन तासांनी कूस बदलणे होते.

"पुढं."

पाचवी ओळ शेवटची होती, आणि ती ठळक अक्षरांत होती. खोकला, ताप अथवा धाप यांपैकी काहीही झाल्यास रुग्णास त्याच दिवशी परत आणावे.

शेवंतीला घरी आणल्यापासून नवव्या दिवशी खोकला सुरू झाला होता. मी म्हणालो होतो, रिक्षा बोलावतो. मामी म्हणाल्या होत्या, "साधा कफ आहे रे. परत त्या सुया नकोत माझ्या पोरीला. दोन दिवस अडुळशाचा रस देऊन बघते." त्यांनी शेजारच्या बंगल्यातून पाने मागून आणली, स्वतः कुटली, मध घालून चाटवली. दोन दिवस. तो काळ आम्ही तिच्या उशाशी बसून काढला.

"पुढं काय आहे?" मामींनी विचारले.

"डॉक्टरांची सही."

"बास? संपलं?"

"संपलं."

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेस गेलो. सिद्धेश रुग्ण झाला होता. मी त्याला बसवले, टेकवले, भरवले. मॅडमनी माझे हात सर्व वर्गास दाखवले. पुढे यथाकाल मी उत्तीर्ण झालो, आणि सध्या कोलशेत येथे एका वृद्ध गृहस्थांच्या घरी दिवसपाळीस असतो. सखुबाईंचे यजमान आता आधार घेऊन चार पावले चालतात.

मामी मला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. मात्र त्या दिवसापासून मी केलेला चहा त्यांच्यापुढे निवत असे. महिन्याभराने त्यांचे धाकटे बंधू तानाजीमामा ओतूरहून त्यांना नेण्यास आले. पिशवी भरताना मामी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही रे चांगदेव. पण तुझ्या हातचं गिळवत नाही मला."

मी म्हणालो, "राहा ना, मामी."

"इथं राहिले की रोज तेच डोळ्यांपुढं येतं. तू सांगितलंस आणि मी ऐकलं."

तो कागद त्या सोबत नेऊ पाहत होत्या. मी तो मागून घेतला. कामावर दाखवावा लागेल, असे म्हणालो. त्यांनी दिला. पाचवी ओळ त्यांना वाचून दाखवली असती, तर कदाचित त्या गेल्या नसत्या. आम्ही दोघे एकाच अपराधाचे धनी म्हणून, एकमेकांस दोष न देता, त्या दोन खोल्यांत राहिलो असतो. तानाजीमामांनी रिक्षा थांबवली होती. मी त्यांची पिशवी आत ठेवली आणि त्यांना हात देऊन नीट बसवले.