तिसरी आवृत्ती

जुन्या पुस्तकाची आवृत्ती ओळखण्यात तात्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणूनच बायकोने वाढदिवसाला हौसेने आणलेली पहिली आवृत्ती त्यांनी उघडली आणि लगेच मिटली.

“तिसरी आहे. इथे छापलंय ठळक. दुकानदाराने गंडवलं तुला.”

“अगंबाई! मग पुढच्या वर्षी आपला शर्टच,” ती हसून म्हणाली. त्यानंतर दरवर्षी शर्टच आला.

ती गेल्यावर तात्यांनी कपाट आवरायला काढलं, तेव्हा ते ‘तिसरी आवृत्ती’चं पान नंतर डकवलेलं दिसलं. पहिल्या आवृत्तीच्या न खपलेल्या प्रतींना प्रकाशकाने नुसतं नवं पान चिकटवलं होतं.

“अगं, ऐकलंस का?” म्हणत तात्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि शर्टाची बटणं चाचपत परत आले. शर्ट अगदी मापात होता.