एक जिना खाली

"मॅडम, दारावर तीनशे चार लिहिलंय. आम्हाला एकशे चार सांगितलं होतं. चालेल का?"

चौकशीच्या खिडकीच्या काचेपलीकडून एका मुलीने विचारले. मी घड्याळाकडे पाहिले. नऊ वाजून बावीस मिनिटे.

"आम्हाला म्हणजे? किती जण आहात तुम्ही?"

"त्रेचाळीस. सगळे वर बसलेत. सर अजून आले नाहीत, म्हणून वाट बघतोय."

सर आले नाहीत! सर म्हणजे आमचे कार्यशाळेचे फोरमन. ते नऊला पाच कमी असल्यापासून त्या पोरांच्या दोन जिने खाली, एकशे चारच्या दारात उभे होते, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी आतून कडी घातली होती. आजवर ती कडी कुणासाठी निघालेली नाही.

आमची इमारत उतारावर आहे. खालच्या अंगाला कार्यशाळा, कारण यंत्रे उतरवायला तिथे ट्रक लागतो. वरच्या अंगाला रस्ता आणि मोठे दार. बांधणाऱ्याने मजले खालून मोजले, त्यामुळे मोठ्या दारातून माणूस आत येतो तो थेट दुसऱ्या मजल्यावर. एकशे चार हवी असेल तर दारापासून एक जिना खाली. एवढीशी गोष्ट, पण पहिल्या दिवशी भल्याभल्यांची तारांबळ उडते. अभियांत्रिकीच्या नव्या मुलांसाठी सत्तावीस वर्षे मी बारा पानी पुस्तिका काढत होते, आणि त्यातली एकोणीस वर्षे तिची पहिली ओळ एकच होती: 'मोठ्या दारातून आत आलात की तुम्ही दुसऱ्या मजल्यावर असता.' पुढे मग ओळखपत्राला फोटो किती, ड्रॉइंग बोर्ड विकत घ्यायचा की वरच्या वर्गातल्या कुणाकडून मागून आणायचा, कार्यशाळेत बोटे झाकणारे बूटच का, ग्रंथालयात कुठल्या खुर्चीचा पाय मोडका आहे. मुले मला खिडकीबाई म्हणतात. नणंदेने एकदा विचारले होते, "वहिनी, तुम्ही ऑफिसात नक्की करता तरी काय?" म्हटले, "लोकांना खाली पाठवते."

यंदा पुस्तिका बंद झाली. पहिल्या वर्षाचे काम बघायला नवे सर आले आणि त्यांनी सगळी माहिती मोबाईलच्या ॲपवर चढवली. चढवता चढवता माझी पहिली ओळ सुधारलीही.

"मॅडम, दारातून आत गेलं की तळमजलाच असतो. हे वाचून लोक हसतील आपल्याला."

"सर, एकदा माझ्याबरोबर खाली चला. दाखवते."

"नंतर जाऊ."

ते 'नंतर' काही उजाडले नाही. ॲपवर आले ते असे: 'सुरक्षा वर्ग, खोली १०४. तळमजल्यावरून एक जिना वर.' पोरांनी निमूटपणे दारापासून एक जिना वर चढून जी चार नंबरची खोली दिसली तिथे बैठक मारली. सतरा जण तेवढे बरोबर पोचले. त्यांच्या घरी थोरल्या भावंडांची जुनी पुस्तिका होती.

मी मुलीला म्हटले, "सगळ्यांना तिथंच बसवून ठेव. कुणी हलायचं नाही." आणि जिना उतरले.

सुरक्षेचा वर्ग चुकला की सत्रभर यंत्राला हात लावता येत नाही. यंत्राला हात नाही म्हणजे कार्यशाळेत नापास, आणि कार्यशाळेत नापास म्हणजे वर्ष गेले. त्रेचाळीस वर्षे, आणि तीही कुणाच्या तरी 'नंतर'पायी.

दार वाजवले. फोरमननी वरची झडप उघडली.

"बाई, दार वाजवू नका. मी उघडणार नाही."

"पोरांची चूक नाहीये हो. चुकीचा जिना छापलाय."

"त्याची तरी कुठं होती?"

एकोणीस वर्षांपूर्वी एक मुलगा असाच मजला चुकला आणि अर्धा तास उशिरा आला. फोरमनना दया आली, त्यांनी दार उघडले. तोपर्यंत अंगठी काढून ठेवायची सूचना सांगून झाली होती. तिसऱ्या आठवड्यात त्याची अंगठी लेथच्या फिरत्या यंत्रात अडकली आणि दोन बोटे गेली. फोरमननी तेव्हापासून कडी घालायला सुरुवात केली, मी ती ओळ लिहायला. तो मुलगा पुन्हा कधी कॉलेजात आला नाही.

"उघडू नका," मी म्हटले. "पण एक वाजता सगळं पहिल्यापासून सांगा. अगदी मुळापासून."

"एक वाजता मी जेवतो."

"ठाऊक आहे. सत्तावीस वर्षं तुमच्या डब्याचा वास माझ्या टेबलापर्यंत येतोय."

आतली सतरा पोरे माना वळवून बघत होती.

"सगळे पाहिजेत. एक जरी कमी असला तरी सुरू करणार नाही. आणि अंगठ्या, हातातली कडी सगळं काढून यायचं."

"आणते."

"हजेरीचं मात्र तुमच्या त्या साहेबांना विचारा. ती आता माझ्या हातात राहिली नाही." झडप बंद झाली.

तीन जिने चढून नव्या सरांच्या खोलीत गेले तेव्हा मला धाप लागली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिले. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत.

"हजेरी सव्वानऊला आपोआप बंद झाली, मॅडम. त्रेचाळीस गैरहजर लागलेत."

"मग उघडा परत."

"कारण लिहावं लागतं. ते वरपर्यंत जातं."

"लिहा ना. ॲपवर चुकीचं होतं म्हणून."

ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी इथं अजून कायम झालेलो नाही. ॲप ही माझी पहिलीच जबाबदारी आहे." पुढे म्हणाले, "कार्यालयाकडून चुकीचं मार्गदर्शन झालं, असं लिहिलं तर लगेच मंजूर होईल. तुमचं एक पत्र लागेल फक्त."

अंगाचा तिळपापड झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सत्तावीस वर्षांत मी एका पोराला चुकीच्या खोलीत पाठवलेले नाही. तापाने फणफणलेली असतानाही नाही, सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही नाही. माझ्याकडे पदवी नाही, बढती नाही. अभिमान म्हणावा असे एवढेच होते. हे सगळे त्यांना सुनवावे म्हणून तोंड उघडले. दारात ती मुलगी उभी होती.

"मॅडम, सगळे विचारतायत, आम्ही थांबू की घरी जाऊ?"

मी सरांच्या टेबलावरचा कागद ओढला. 'नवीन विद्यार्थ्यांना खोलीबाबत माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली.' खाली सही, तारीख. अक्षर माझे नेहमीच चांगले. सरांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, पण माझ्याकडे काही बघितले नाही.

"थांबा," मुलीला म्हटले. "एक वाजता मी स्वतः येते न्यायला."

एक वाजता त्रेचाळीस जणांची रांग घेऊन मी खाली उतरले. फोरमननी मोजून आत घेतले, शेवटच्या पोराच्या बोटातली अंगठी स्वतः काढून त्याच्याच खिशात टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. डबा तसाच झाकलेला होता. मी वर आले तेव्हा माझी चपाती वातड झाली होती. ती चावता चावता मी एक कोरा कागद घेतला, जाड पेनाने माझी जुनी ओळ लिहिली, खाली एक बाण काढला आणि मोठ्या दाराच्या काचेवर आतून चिकटवला. परवानगी कुणाची मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीची काच वर करून बसले. पोरे दाराशी थांबत, कागद वाचत, हसत आणि खाली जात. नऊ वाजले तरी खिडकीशी कुणी फिरकले नाही. इतकी वर्षे या एकाच प्रश्नाला कंटाळले होते मी, आणि आता काय करावे ते सुचेना. दोनदा पेन्सिलला टोक केले.

मग नवे सर आले. तेही कागदापाशी थांबले. वाचला. खालचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने नीट दाबून बसवला आणि माझ्याकडे न बघता जिना चढून गेले.